भैरवी बाकी आहे

आमच्या दुकानात पाण्याच्या मोटारी येतात त्या बहुधा मरायला टेकलेल्याच येतात. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधून, आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात आणावं तशा. शेतकरी म्हणतो, "भाऊ, आवाज करून राह्यली," आणि मी वायरी जोडून ती सुरू करतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. बेअरिंग गेलं असेल तर एक आवाज, वाइंडिंग जळायला आलं असेल तर दुसरा, पातं घासत असेल तर तिसराच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक मला म्हणतात, प्रफुलभाऊ, एकदा कान तपासून घ्या. कानाचं नाव काढायचं नाही. माझं घर त्या कानांवर चालतं.

दुकान वर्ध्यात, कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खाली पंप, मोटारी, पाइप. वर हॉल. पाटीवर 'श्रुती सभागृह' असं लिहिलेलं आहे, पण ते फक्त पाटीला माहीत. गावाच्या तोंडी तो 'पंपवाल्याचा हॉल'. बापूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी तो बांधला. त्यांना सा कुठला आणि प कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण माणसाला बसून ऐकायला जागा लागते एवढं पक्कं कळत होतं. बुटकं स्टेज, खाली अंथरलेल्या सतरंज्या, हार्मोनियम, तबला, खंजेऱ्या, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. तिकीट नाही. दर रविवारी दुपारी बैठक. दुपारीच, कारण ऐकणारे निम्मे समुद्रपूर, हिंगणघाटकडचे आणि त्यांना परतीची एसटी धरायची असते.

बापूजींचे नियम दोनच होते. पहिला, इथं कोणी एकटं गायचं नाही. पुढे बसलेला ओळ टाकतो, आणि समोर बसलेल्या सगळ्यांनी ती उचलायची. त्याला आमच्याकडे झील धरणं म्हणतात. शास्त्रीय गाणारे पाहुणे आधी नाक मुरडायचे, पण सगळ्या हॉलनं झील धरली की त्यांचंही नाक सरळ व्हायचं.

दुसरा नियम भैरवीचा. बैठक भैरवीनं संपते हे सगळीकडेच आहे, पण बापूजींचं त्यात भलतं कडक होतं. भैरवी झाली की संपलं, मग कोणी कितीही गळ घातली तरी सूर काढायचा नाही. आणि भैरवी झाली नसेल तर बैठक चालूच आहे असं धरायचं. एका उन्हाळ्यात बैठकीच्या मध्येच वादळ आलं, शेजारचे पत्रे उडाले, लोक पळाले. पुढच्या रविवारी बापूजींनी आधी त्या अर्धवट बैठकीची भैरवी गायला लावली आणि मगच नवीन बैठक मांडू दिली. लोक हसले. बापूजी हसले नाहीत, आणि माझा मोठा भाऊ प्रभाकर, जो तेव्हा कॉलेजात होता, तोही हसला नाही. घरात वाढलेल्या माणसाच्या हाडात काही गोष्टी शिरूनच बसतात.

वर्ध्यात अशा जागा आणखी होत्या. स्टेशनजवळ लॉजच्या मागची एक लांब खोली होती, तिथं कव्वालीवाले जमायचे. रामनगरात एका बाईंचा क्लास होता, शनिवारी बाकं भिंतीला लावून गाणं व्हायचं. सिंदी मेघेला एका निवृत्त मास्तरांनी घराचा पुढचा भाग मोकळा ठेवला होता. गेल्या काही वर्षांत हे सगळं एकेक करत बंद झालं. एकाची जिम झाली, एकाचं मोबाइलचं दुकान, आणि मास्तरांच्या जागी आता लग्नाच्या लॉनची पार्किंग आहे. कोणी मारामारी केली नाही. उलट बंद करण्याचा सोहळा व्हायचा. हार, नारळ, शाल, फोटो, आणि शेवटी निरोपाची भैरवी. मला त्या सोहळ्यांचा मनस्वी राग यायचा. गळा दाबायचा तो दाबायचा, वर हार घालून.

भैरवीला सगळ्यांना कोकिळाबाईच हव्या असायच्या. कोकिळाबाई निवृत्त नर्स. जाड आवाजाच्या, आणि बोलायला आवाजाहून जाड. भैरवी त्या अशी गायच्या की शहाणा माणूसही खाली मान घालून उठायचा आणि मुकाट्यानं चप्पल शोधायला लागायचा.

"मले बोलावणं आलं की समजाचं, एक अजून गेला," त्या म्हणायच्या. "घरी शालीच शाली झाल्या, बाप्पा. आता काय दुकान टाकू?"

आता हुकाचं सांगतो.

माझ्या कामाच्या टेबलावर, छताच्या लोखंडी गर्डरला एक चेनकप्पी टांगलेली आहे. जड मोटर उचलायची साखळी आणि तिला खाली हूक. तो हूक टेबलाच्या पत्र्यापासून बोटभर वर लोंबतो. रविवारी वर हॉल भरला की गर्डर किंचित वाकतो आणि हूक पत्र्याला टेकतो. लोखंड आहे, वाकणारच. वर लोक मांडीवर ताल धरतात, आणि खाली हूक पत्र्यावर टक टक करतो. बापूजी तर दुकानात बसल्या बसल्या हुकाकडे पाहून सांगायचे, आज गर्दी बरी आहे.

स्टेशनजवळची खोली बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी शटर उघडलं तर हूक टेकलेला होता.

मी वर गेलो. हॉलला कुलूप. उघडून पाहिलं, आत कोणी नाही, ताट्यांमधून उन्हाच्या पट्ट्या पडलेल्या. खाली आलो. हूक टेकलेलाच. साखळी घसरली असेल म्हणून कड्या तपासल्या, तर साखळी जागची हलली नव्हती. गर्डर गंजला असेल म्हणून खरवडला, आत निळं लोखंड निघालं. मग गर्डरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. मधोमध पोट आलेलं होतं. याचा अर्थ वर वजन होतं. आणि वर वजन नव्हतं, मी आत्ताच पाहून आलो होतो.

मी त्याचं काही केलं नाही. धंद्यातला माणूस ज्याचं कारण सापडत नाही ते बाजूला ठेवतो आणि पुढची मोटर घेतो.

त्या रविवारी पाऊस होता, एसट्या उशिरा, हॉल निम्मा रिकामा. कवडू तबल्यावर. कवडू समुद्रपूरकडचा शेतकरी, कापसाचं आवरून दर रविवारी येतो, खंजेरीही वाजवतो आणि पान लावतो तेही तालात. कोकिळाबाईंनी ओळ टाकली आणि समोरच्यांनी झील धरली.

मी दाराशी उभा होतो. इतक्या कमी माणसांचा तो आवाज नव्हता. जाड होता, दाटीवाटीनं बसलेल्या लोकांचा होता. आणि समेवर, टाळीबरोबर, कोणीतरी तोंडानं एक बारीक 'हा' टाकत होतं. ती खोड स्टेशनवाल्यांची. कव्वालीतून त्यांना लागलेली. त्या दिवशी त्यांच्यातलं एकही माणूस आमच्या हॉलमध्ये नव्हतं.

मी तोंडं पाहत फिरलो. 'हा' म्हणणारं तोंड सापडलं नाही.

रामनगरचा क्लास बंद झाल्यावर हूक पत्र्यावर आडवा व्हायला लागला. सिंदी मेघेची भैरवी झाली त्या आठवड्यात तर छताचा पोपडा सुटून एका गिऱ्हाइकाच्या चहात पडला. मी त्याला दुसरा चहा पाजला आणि माझ्या धंद्याला सुचेल ते केलं. पाइप तर दुकानात रगड. जाड लोखंडी पाइप कापले, खाली प्लेटा बसवल्या आणि गर्डरला टेकू दिले. दुकानात चालायला वाट राहिली नाही, मोटारी टेकूंच्या मधून न्याव्या लागायच्या. लोक विचारायचे, प्रफुलभाऊ, छत पडून राह्यलं का? मी म्हणायचो, वर माणसं वाढली.

हे मी चिडून म्हणायचो. पण म्हणून झाल्यावर लक्षात यायचं की मला त्यात काही चूक वाटत नाहीये.

कवडूनं कधी विषय काढला नाही. पण एकदा बैठकीआधी तो खंजेऱ्या घेऊन स्टेजकडे निघाला, तेव्हा रिकाम्या सतरंजीवरून सरळ चालत गेला नाही. मध्ये थांबत, पाऊल तिरपं टाकत, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढावी तसा गेला.

"का रे कवडू, पाय मुरगळला का?"

"नाई भाऊ," तो वळून न पाहता म्हणाला. "लागन ना कोणाले."

मी कोकिळाबाईंना सगळं सांगितलं. हूक, गर्डर, तो 'हा'. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

"मले वाटे मीच म्हातारी झाली," त्या म्हणाल्या. "भैरवी गाऊन लोकायले उठवलं ना मी तिथून. पण कुठी जा म्हणून सांगितलं? काल तो रामनगरच्या क्लासात झील धरे तो पोस्टमन भाजी घेताना भेटला. चांगला जिता हाय. मी म्हटलं, येत जा ना आमच्याकडे. तं म्हणते, आता गाण्याचं मनच नाई होत. डोळ्यात काईच नोहतं त्याच्या. माणूस घरी गेला, प्रफुल. ऐकणारा नाई गेला."

"बाई, काहीही काय बोलता!"

"मंग तू सांग. तू तं शिकला."

मग त्याच म्हणाल्या, "आता ही एकच जागा राह्यली. इथून उठवलं तं जातीन कुठी थे?"

आणि त्याच महिन्यात दादाचा फोन आला.

प्रभाकरदादा नागपूरला असतो, फ्लॅटमध्ये. कागदावर निम्मा हॉल त्याचा आहे, आणि मी ते कधी नाकारलं नाही. त्यानं हॉल एका शिकवणीवाल्याला द्यायचं परस्पर ठरवलं होतं. सचिन सर म्हणून एक जण, डॉक्टरीच्या परीक्षेची पोरं घेणारा. जानेवारीपासून त्याला क्रॅश कोर्स सुरू करायचा होता.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"तुले विचारलं असतं तं तू नाई म्हटला असता."

"मग?"

"मंग म्हणूनच नाई विचारलं. देख प्रफुल, टेन्शन नको घेऊ. कोण येते तिथं आता? म्हातारे चार. आन् तू खाली लोखंडाचं जंगल करून बसला. उद्या छत खाली आलं तं?"

"नाही येणार. मी धरून ठेवलंय."

"मी शब्द देऊन बसलो."

त्या फोनवर आम्ही खूप भांडलो. त्यानं मला वेडा म्हटलं, मी त्याला भाडेखाऊ म्हटलं, आणि दोघांनीही बापूजींचं नाव काढलं. शेवटी तो दमला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "पण कायद्यानं करू. बापूजीच्या कायद्यानं. शेवटची बैठक लाव, भैरवी होऊ दे, मंग किल्ली दे. भैरवीबिगर मी हात नाई लावत."

मी फोन ठेवला आणि टेकूला पाठ लावून बसलो. वाटलं, संपलं. हॉल तर जाणारच होता, पण मला हॉलपेक्षा वरच्या त्या वजनाचं वाईट वाटत होतं. भलतंच आहे, पण वाटत होतं. तीन ठिकाणांहून हाकललेली, आमच्या भरवशावर आलेली, मुकाट्यानं बसलेली माणसं. त्यांना उठवायला मीच दार उघडून देणार होतो.

बैठक डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी ठरली. त्या दिवशी हॉल भरला. जे वर्षानुवर्षं फिरकले नव्हते तेही आले, कोणी बंद होतं म्हटलं की लोकांना प्रेम येतं. कोणीतरी हार आणला होता. मी तो घेतला आणि खाली पाण्याच्या मोटारीला घातला.

दादा आणि सचिन सर मागे खुर्च्यांवर बसले. सचिन सर चांगला माणूस, तरुण, घड्याळ पाहणारा. फळा कुठल्या भिंतीला लावायचा ते तो नजरेनं मोजत होता. दुपारचं ऊन ताट्यांमधून स्टेजवर आलं होतं. खिडकीबाहेर ऑटोवाले भांडत होते, खाली रस्त्यावर कोणीतरी संत्र्याची गाडी घेऊन ओरडत होतं. सगळं रोजच्यासारखं.

कोकिळाबाई गायल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज उघड्या शेतासारखा मोकळा होता. एकामागून एक, थांबल्याच नाहीत. झील अशी येत होती की वाळ्याच्या ताट्या थरथरत होत्या. मग त्यांनी कवडूच्या गावाकडचं एक भजन घेतलं. त्याचं धृपद साधं आहे. पुढच्यानं म्हणायचं, 'दार लावू नको बाई', आणि मागच्यांनी झील धरायची, 'कोणी येऊन राह्यलं.' पुढचा, मागचे, पुढचा, मागचे. खंजेरी वाढत गेली. कवडूच्या कपाळावर घाम आला. लोक डोलायला लागले.

कोकिळाबाईंनी ओळ टाकली, "दार लावू नको बाई..."

लोकांनी श्वास घेतला. आणि झील निघायच्या आत बाईंनी हात वर केला.

खंजेरी थांबली. घेतलेला श्वास लोकांच्या छातीतच राहिला.

"मध्यंतर," कोकिळाबाई म्हणाल्या. "चाय घ्या."

लोक आधी गोंधळले, मग हसले. आमच्याकडे मध्यंतर कधी नसतंच. चहा मात्र खरोखर तयार होता, बाईंनी स्वतःच सांगून ठेवला होता. कागदी कप फिरले.

दादा खुर्चीवरून उठून पुढे आला. "बाई, भैरवी?"

"मध्यंतराच्या नंतर."

"मध्यंतर कधी संपन?"

"संपन तवा संपन. मले घाई नाई."

"आज तं संपवाल ना?"

बाईंनी हार्मोनियमचा भाता मिटून घेतला आणि वर त्यांची पिशवी ठेवली. "प्रभाकर, मी तीन जागांची भैरवी गायली. शाली घेतल्या. आता नाई गात. तुह्या बापाचा कायदा तुले ठाऊक हाय. भैरवी झाली नाई म्हणजे बैठक उठली नाई. बैठक उठली नाई तं किल्ली कशी घेतो?"

दादानं माझ्याकडे पाहिलं.

"हे तुहं काम होय."

नव्हतं. देवाशपथ मला ठाऊक नव्हतं. पण मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "हाव. माझंच."

दादाचा चेहरा लाल झाला. सचिन सर मागून म्हणाला, "काका, मला काही प्रॉब्लेम नाही, मी उद्या सकाळी येतो किल्लीला." त्याला काही कळत नव्हतं. दादाला कळत होतं. बापूजींचा मुलगा होता तो. तसाच जाऊन किल्ली घेणं त्याच्यानं होत नव्हतं, आणि हरणंही होत नव्हतं.

त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"भैरवीच पाह्यजे ना? घ्या भैरवी." त्यानं बोटानं काहीतरी शोधलं आणि मोबाइल माइकसमोर धरला. "तुमच्याहून मोठ्या गवय्याची देतो. झाली की सगळ्यायनं उठाचं."

कोणा मोठ्या गायकाची भैरवी सुरू झाली. तंबोरा, मग आलाप. सुरेख होती, ते खोटं कशाला बोलू. दोन-तीन जण सवयीनं उठायला लागले. हात जमिनीला टेकवला, गुडघा उचलला.

खाली दुकानात टक झालं.

जिन्यातून तो आवाज वर आला. हूक पत्र्यावर पडला होता. टेकू दिल्यापासून तो हलला नव्हता.

पुन्हा टक.

मग लयीत. भैरवीच्या नाही, मघाच्या भजनाच्या.

उठणारे अर्ध्यावर थांबले. कवडूनं खंजेरी हळूच मांडीवरून उतरवून सतरंजीवर ठेवली आणि दोन्ही हात वर केले, मी वाजवत नाहीये हे दाखवायला.

दादानं मोबाइलचा आवाज वाढवला.

मी माणसं पाहिली. एकेक पाहिलं. बहुतेकांच्या हातात कागदी कप होता. कोणाचा ओठांना लागलेला, कोणाच्या तोंडात चहाचा घोट. कोकिळाबाईंनी तोंडावर पदर धरला होता. सचिन सरचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं.

एकही ओठ हलत नव्हता.

आणि झील आली.

"कोणी येऊन राह्यलं."

सगळ्या हॉलभर. सतरंजीच्या उंचीवरून, बसलेल्या लोकांच्या तोंडाच्या उंचीवरून. दाट, भरलेली, सुरात. आणि समेवर तो बारीक 'हा'.

हातातल्या चहावर गोल वळ्या उठल्या.

"कोणी येऊन राह्यलं."

मोबाइलवर गायकाचं तोंड हलत होतं. त्याचा सूर कोणालाच ऐकू येत नव्हता.

मग झील थांबली. एकदम, एका दमात, चांगली कसलेली मंडळी थांबतात तशी. ती पुढच्या ओळीची वाट पाहत थांबली होती, हे मला कळलं. हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं.

कोणी ओळ टाकली नाही.

दादा स्टेजसमोर उभा होता. त्यानं मोबाइल बंद केला, खिशात ठेवला. मग तो खाली पाहू लागला, डावीकडे, उजवीकडे, मोकळी जागा शोधावी तसा. जागा भरपूर होती. पण तो खांदे आकसून, गुडघे पोटाशी घेऊन, अगदी अंग चोरून बसला.

सचिन सर दुसऱ्याच कोणाच्या तरी चपला घालून गेला. त्यानं नंतर सिंदी मेघेला जागा पाहिली, किल्लीसाठी फोनही केला नाही.

दादा संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला गेला. स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पण गाडीत चढताना तो फक्त म्हणाला, "किल्ली तुह्याजवळच राहू दे."

तेव्हापासून बैठका पहिल्यासारख्या चालू आहेत. भैरवी होत नाही. बसची वेळ झाली की कोकिळाबाई भाता मिटतात, मध्यंतर म्हणतात, आणि ज्यांना घर आहे ते घरी जातात. मी दुकानात आणखी टेकू लावले. लोकांनी विचारलं की आता चिडत नाही, सरळ सांगतो, वर माणसं वाढली. ज्याला पटत नाही त्यानं रविवारी येऊन बसावं, कोणी हाकलणार नाही. ही जागा बंद होत नाही. ज्याला बंद करायची असेल त्यानं आधी कोकिळाबाईंकडून भैरवी काढून दाखवावी, आणि त्यांच्यानंतर कवडूकडून, आणि त्याच्यानंतर माझ्याकडून. मला गाता येत नाही, त्यामुळे ते तर आणखीच अवघड.

जानेवारीच्या शेवटी, भर थंडीत, एका रविवारी बैठकीच्या आधी रीतावहिनींचा नागपूरहून फोन आला. त्या कधी मला फोन करत नाहीत.

"प्रफुलभाऊजी, ह्यांचं काही कळून नाही राह्यलं मला," त्या हळू बोलत होत्या. दादा जवळच असावा. "बाकी चांगले आहेत. जेवतात, बँकेत जातात. पण रविवार आला की जेवण झाल्यावर सोफा सोडून खाली बसतात. टीव्ही लावू देत नाहीत."

"बसू दे की. आराम असतो."

"नुसते बसत नाहीत ना. सरकतात. आधी दिवाणखान्याच्या मध्ये बसतात, मग थोडं बाजूला होतात. मग अजून. कोणी आल्यावर आपण जागा करून देतो ना, तसं. मागच्या रविवारी तर पार भिंतीला जाऊन टेकले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज मी फरशीला हात लावून पाहिला, भाऊजी. थंडीनं पाय टेकवत नाही घरात. आणि ते जिथून सरकले ना, ती फरशी गरम आहे. तिकडून दारापर्यंत सगळी."

मला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त मला राग आला. आमच्या घरी आलेल्या माणसांना उघड्या फरशीवर बसवलं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "सतरंजी टाका."

त्या फोन कानाला लावून खोलीकडे पाहत असाव्यात.

"केवढी टाकू?" त्यांनी विचारलं.